पाणी, धूळ आणि दगड यांना पुरून उरणारा फोन कसा निवडावा

पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणारे ट्रेकर, रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणारे शेतकरी, नौकेवरचे खलाशी आणि बांधकामावरचे मुकादम हे सगळेच दुकानात जाऊन ‘पाण्यात पडला तरी चालेल असा फोन दाखवा’ म्हणतात. त्या सगळ्यांपुढे बहुधा सारखाच फोन ठेवला जातो: जाड रबरी कडांचा, खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘मिलिटरी ग्रेड’ असे ठळक छापलेला. या प्रत्येकाचा फोन बिघडण्याची कारणे मात्र निराळी असतात. शिवाय खोक्यावरचे शब्द ज्या चाचण्यांवर उभे असतात, त्या चाचण्या ठरावीक पाण्यात, ठरावीक उंचीवरून आणि कोऱ्या फोनवर घेतलेल्या असतात. त्या चाचण्या काय सांगतात आणि कशाबद्दल काहीच सांगत नाहीत, एवढे नीट समजून घेतले तर पैसे योग्य जागी पडतात. असा फोन प्रथमच घेणाऱ्यांसाठी ही माहिती ज्या क्रमाने उपयोगी पडते त्याच क्रमाने पुढे दिली आहे.

पहिली पायरी: आपल्या फोनवर काय ओढवणार आहे ते ठरवा

मॉडेल आणि किंमत पाहण्याआधी, फोनला वर्षभरात काय काय सोसावे लागते ते एका कागदावर लिहून काढावे. पावसाळी ट्रेकमध्ये फोन पाण्यात बुडण्यापेक्षा तासन्‌तास ओला राहतो, घामट खिशात कोंडला जातो आणि हात सटकला की थेट कातळावर आपटतो. शेतात दारे धरताना माणूस वाकला की शर्टाच्या वरच्या खिशातला फोन पाटात पडतो; तिथे पाणी फूटभरच असते, पण ते गाळाचे असते आणि तो गाळ स्पीकरच्या जाळीत व चार्जिंगच्या छिद्रात जाऊन बसतो. नौकेवर खारा वारा आणि खारे पाणी दोन्ही असतात. बांधकामावर सिमेंटची बारीक धूळ आणि उंचावरून पडणे हे मुख्य धोके आहेत. विदर्भात मे महिन्यात ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनला पाण्यापेक्षा उन्हाचे भय जास्त असते, तर हिमालयातल्या ट्रेकला जाणाऱ्यांना थंडीचे.

या यादीतल्या पहिल्या दोन गोष्टी ठळक करून ठेवाव्यात. सगळ्याच संकटांना सारखाच तोंड देणारा फोन मिळत नाही. मिळालाच तर तो इतका जड असतो की काही दिवसांतच घरी ठेवला जातो, आणि घरी ठेवलेल्या फोनचा डोंगरावर काही उपयोग नाही.

दुसरी पायरी: आयपीचे आकडे वाचायला शिका

खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर आयपी ५४, आयपी ६७, आयपी ६८ असे आकडे दिलेले असतात. आयपी म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरू न देण्याचा दर्जा, आणि हे आकडे आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येतात. त्यातला पहिला अंक धुळीसारख्या घन कणांविषयी असतो आणि तो ० ते ६ यांपैकी असतो. दुसरा अंक पाण्याविषयी असतो आणि तो ० ते ९ पर्यंत जातो. पहिल्या जागी ५ असेल तर थोडी धूळ आत शिरू शकते, पण तिच्यामुळे काम बिघडू नये अशी अपेक्षा असते. ६ असेल तर चाचणीत धूळ मुळीच आत गेलेली नसते. एखाद्या अंकाच्या जागी एक्स हे अक्षर असेल तर त्या बाबतीत फोनला दर्जाच दिलेला नाही असे समजावे. लाल माती, सिमेंट किंवा मळणीच्या भुशात वावरणाऱ्यांनी पहिल्या जागी ६ असल्याशिवाय पुढे पाहू नये.

पाण्याच्या अंकाबाबत मात्र सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडालेले शिंतोडे सोसणे. ५ म्हणजे मिनिटाला साडेबारा लिटर पाणी फेकणारी नळीची धार, आणि ६ म्हणजे मिनिटाला १०० लिटर पाणी फेकणारी जोरदार धार. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवून ठेवणे. ८ म्हणजे त्याहून कठीण अटींखाली बुडवणे, पण किती खोल आणि किती वेळ हे मानक सांगत नाही. ते कंपनी ठरवते आणि तिने ते जाहीर करायचे असते. त्यामुळे दोन फोनांवर आयपी ६८ असे एकच अक्षर असूनही त्यांचा अर्थ वेगळा असू शकतो. सॅमसंगच्या गॅलॅक्सी मालिकेतल्या बहुतेक महागड्या फोनांसाठी कंपनी दीड मीटर आणि ३० मिनिटे सांगते, तर आयफोन १२ पासूनच्या मुख्य आयफोनांसाठी अॅपल ६ मीटर आणि ३० मिनिटे सांगते. म्हणून आयपी ६८ दिसल्यावर समाधान मानू नये. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेली खोली आणि वेळ शोधून वाचावी, आणि ती कुठेच दिलेली नसेल तर त्या फोनकडे संशयाने पाहावे.

दुसरा महत्त्वाचा मुद्दा असा, की मोठा अंक लहान अंकाला पोटात घेतोच असे नाही. ६ पर्यंत ही चढती भाजणी खरी आहे, पण ७ आणि ८ या बुडवण्याच्या चाचण्या आहेत आणि त्यांत उत्तीर्ण झालेला फोन धारेखाली टिकेलच असे मानक म्हणत नाही. स्थिर पाण्यात चहूबाजूंनी सारखा दाब पडतो. धारेचे पाणी मात्र एकाच सांध्यावर जोराने आपटते आणि रबरी पट्टी बाजूला सारून आत घुसते. याच कारणाने काही फोनांवर आयपी ६६, आयपी ६८ आणि आयपी ६९ असे दोन-तीन आकडे एकत्र लिहिलेले असतात. ६९ ची चाचणी तर फार कडक आहे: ८० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी ८० ते १०० बार इतक्या दाबाने, १० ते १५ सेंटिमीटर अंतरावरून मारले जाते. हा दर्जा मुळात जर्मनीत, उच्च दाबाच्या पाण्याने आणि वाफेने धुतल्या जाणाऱ्या वाहनांसाठी आला.

आता हे आकडे आपल्या कागदाशी जुळवून पाहावेत. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या पावसात चालणे हे शिंतोड्यांच्या पातळीचे काम आहे. पाऊस कितीही मुसळधार असला तरी त्याचा मारा नळीच्या धारेइतका नसतो, फक्त तो फार वेळ चालतो. ओढा ओलांडताना घसरून फोन पाण्यात जाणे यासाठी ७ किंवा ८ लागतो. सांदण दरीतली कमरेएवढ्या पाण्याची डबकी पार करायची असतील तर तेच. धबधब्यातून दोरावर उतरणाऱ्यांना आणि मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावून घाटातून जाणाऱ्यांना मात्र धारेचा दर्जा हवा, म्हणजे ६८ च्या सोबत ६६ किंवा ६९. पाटात फोन पडणाऱ्या शेतकऱ्याला ६८ पुरतो, पण फवारणीचा पंप किंवा जनावरांचा गोठा ज्या नळीने धुतला जातो तिच्याच खाली फोन धुण्याची सवय असेल तर त्यालाही धारेचा दर्जा पाहिला पाहिजे.

तिसरी पायरी: चाचणीत नसलेले पाणी ओळखा

आयपीची पाण्याची चाचणी साध्या, गोड्या पाण्यात होते. खारे पाणी, तरणतलावातले क्लोरीनचे पाणी, साबण, चहा, कीटकनाशक आणि मच्छीच्या पेटीतले बर्फाचे खारट पाणी यांचा तिच्यात समावेश नाही. खारे पाणी वीज अधिक सहज वाहून नेते आणि वाळल्यावर मागे क्षार ठेवते. चार्जिंगच्या छिद्रातल्या धातूच्या बारीक पट्ट्या त्यामुळे काळ्या पडतात, आणि ओल्या छिद्रात चार्जर लावला की ही झीज झपाट्याने वाढते. हा केवळ तात्त्विक धोका नाही. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, कारण जाहिरातींत फोन समुद्रात आणि तरणतलावात वापरता येईल असे सुचवले होते, पण अशा पाण्यानंतर ओल्या अवस्थेतच चार्ज केल्यास चार्जिंगचे छिद्र खराब होण्याची शक्यता होती. त्याआधी २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने अॅपलला १ कोटी युरोचा दंड केला होता. पाण्याला दाद न देण्याचे दावे प्रयोगशाळेतल्या अटींपुरतेच होते हे जाहिरातीत पुरेसे स्पष्ट नव्हते आणि पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत धरले जात नव्हते, असे त्या आयोगाचे म्हणणे होते.

या दोन्ही प्रकरणांतून खरेदीदाराने घ्यायची गोष्ट एकच आहे: फोनवर आयपी ६८ असला तरी पाणी आत गेल्यास बहुतेक कंपन्यांची वॉरंटी लागू होत नाही. फोनच्या आत पाण्याने रंग बदलणारी एक लहान पट्टी असते. सेवा केंद्रात ती लाल दिसली की मोफत दुरुस्तीचा विषय तिथेच संपतो. म्हणून खरेदीआधी वॉरंटीचा कागद उघडून द्रवामुळे होणाऱ्या नुकसानाबद्दलचे वाक्य वाचावे आणि अपघाती नुकसानाचे वेगळे संरक्षण विकत मिळत असेल तर त्याची किंमतही विचारावी. मालवण, रत्नागिरी, वर्सोवा अशा बंदरांवर रोज फोन वापरणाऱ्यांनी हा खर्च फोनच्या किमतीतच धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी: ‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दांचे वजन करा

या शब्दांमागे बहुधा मिल-एसटीडी-८१० हे नाव असते. ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे मानक आहे आणि त्याची एच आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्यात उष्णता, थंडी, आर्द्रता, कंपने, वाळू, खारे धुके, कमी हवेचा दाब, आपटणे अशा अनेक चाचण्यांच्या पद्धती दिलेल्या आहेत. कोणत्या चाचण्या घ्यायच्या आणि किती कडक घ्यायच्या हे वस्तूच्या वापरानुसार ठरवावे, अशी त्या मानकाची रचनाच आहे. त्यामुळे एखाद्या कंपनीने त्यातल्या मोजक्या चाचण्या घेतल्या तरी ती खोक्यावर हे नाव छापू शकते. अमेरिकेचे सैन्य अशा फोनांना प्रमाणपत्र देत नाही. चाचणी कंपनी स्वतः किंवा तिने नेमलेली प्रयोगशाळा करते.

फोन पडण्याची जी चाचणी सर्रास सांगितली जाते तीत फोन १.२२ मीटर, म्हणजे साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवरून २६ वेळा टाकला जातो: ६ पृष्ठे, १२ कडा आणि ८ कोपरे, असे मिळून २६. खाली काँक्रीटवर ठेवलेले दोन इंच जाडीचे प्लायवूड असते. या २६ आपटण्या एकाच फोनने सोसल्या पाहिजेत असेही नाही. त्या पाच फोनांत वाटून घेण्याची मुभा आहे. आता राजगडावरचा बेसॉल्टचा टोकदार दगड किंवा कोकणातला खडबडीत जांभा आणि प्लायवूडची सपाट फळी यांतला फरक कोणाही डोंगरकऱ्याच्या लक्षात येईल. सपाट पृष्ठभागावर फोनची कड आधी टेकते आणि कडेचे रबर धक्का पचवते. दगडाचे टोक मात्र थेट काचेवर बसते.

याचा अर्थ हे मानक निरुपयोगी आहे असा नाही. कंपनीने कोणत्या चाचण्या घेतल्या याची यादी दिली असेल, त्यात पडण्याची उंची लिहिलेली असेल आणि आपल्या कागदावरच्या ठळक संकटाचा त्या यादीत समावेश असेल, तर त्या फोनला झुकते माप द्यावे. नुसतेच ‘मिलिटरी ग्रेड’ लिहून यादी दिलेली नसेल तर त्या शब्दांसाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. फोन जाड असला तरच तो ही चाचणी पार करतो हाही समज चुकीचा आहे. २०२४ मध्ये भारतात आलेला मोटोरोलाचा एज ५० हा ८ मिलिमीटरहून कमी जाडीचा, १८० ग्रॅमचा फोन आयपी ६८ सोबत याच मानकाच्या एच आवृत्तीचा दावा करतो.

पाचवी पायरी: फोन हातात घेऊन बांधणी तपासा

इथून पुढचे काम डोळ्यांनी आणि बोटांनी करायचे आहे. फोन टेबलावर पालथा ठेवावा आणि पडद्याभोवतीची कड काचेपेक्षा किंचित उंच आहे का ते पाहावे; ती उंच असेल तर सपाट जागी पडल्यावर काच जमिनीला लागत नाही. कॅमेऱ्याच्या काचेभोवतीही अशीच उठावदार कड असावी. कडांना वळलेला पडदा दिसायला सुंदर असतो, पण बाहेरच्या कामासाठी सपाट पडदाच घ्यावा.

चार्जिंगच्या छिद्रावर रबरी झाकण असेल तर नखाने ते उघडून त्याच्या आतल्या बाजूला असलेली बारीक रबरी ओठी पाहावी. पाणी अडवण्याचे सगळे काम त्या ओठीचे असते. तिच्यावर वाळूचा एक कण किंवा एखादा केस अडकला तरी पाण्याला वाट मिळते. शिवाय अशी झाकणे रोज उघडून-मिटून सैल पडतात आणि तुटली की वेगळी विकत मिळणे कठीण जाते. ज्या फोनचे छिद्र झाकणाशिवायच आतून पाणीबंद केलेले असते तो रोजच्या वापराला सोयीचा, असा माझा कल आहे. गाळात आणि सिमेंटमध्ये काम करणाऱ्यांना मात्र झाकण असलेलाच बरा, कारण आतल्या छिद्रात चिखल भरला तर तो काढता काढता नाकी नऊ येतात. तारेशिवाय चार्ज होणारा फोन मिळत असेल आणि किंमत झेपत असेल तर पावसाळ्यात त्याचा फार आधार होतो, कारण छिद्र ओले असले तरी वाळण्याची वाट पाहावी लागत नाही.

पावसात सर्वांत आधी हात टेकतो तो स्पर्शाचा पडदा. हा पडदा बोटातल्या विजेच्या सूक्ष्म बदलावर चालतो आणि पाण्याचे थेंबही त्याला बोटासारखेच वाटतात. म्हणून भर पावसात फोन आपोआप नंबर लावतो, नकाशा भलतीकडे सरकवतो आणि आलेला कॉल उचलू देत नाही. काही फोनांत ओल्या हातांसाठी किंवा हातमोज्यांसाठी वेगळी सोय असते. दुकानात विचारून, पडद्यावर चार थेंब टाकून कॉल घेऊन पाहावा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे बाजूला एक जादा बटण असलेला फोन, ज्या बटणावर टॉर्च, कॉल घेणे किंवा मदतीची हाक नेमून देता येते. पडद्याचा उजेडही बाहेर उन्हात नेऊनच पाहावा, कारण दुकानाच्या दिव्याखाली सगळेच पडदे लख्ख दिसतात. दोरी ओवण्यासाठी कोपऱ्यात भोक असेल तर ती सोय साधी असली तरी फार मोलाची आहे, कारण मनगटाला बांधलेला फोन दगडावर पडतच नाही.

सहावी पायरी: बॅटरीचा विचार हवामानासह करा

नुसता मिलिअँपिअर-तासांचा आकडा पाहून भुलू नये. ५,००० ची बॅटरी आज साध्या फोनांतही मिळते. चिनी कंपन्यांच्या दणकट फोनांत १०,००० ते २०,००० पर्यंतच्या बॅटऱ्या असतात, पण त्यांचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याहूनही पुढे जाते. दोन दिवसांच्या ट्रेकला हलका फोन आणि वेगळी पॉवर बँक ही जोडी मला जास्त पटते, कारण पॉवर बँक पिशवीत कोरडी राहते आणि फोन खिशात हलका राहतो. याउलट, महिनाभर जंगलात गणनेचे काम करणाऱ्या किंवा समुद्रावर आठवडा काढणाऱ्या माणसाला मोठी बॅटरी किंवा बदलता येणारी बॅटरी खरोखर उपयोगी पडते. सॅमसंगचा गॅलॅक्सी एक्सकव्हर ७ हा २०२४ मध्ये भारतात आलेला फोन या दुसऱ्या प्रकाराचे चांगले उदाहरण आहे: मागचे झाकण काढून ४,०५० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी बदलता येते आणि तरीही तो आयपी ६८ आहे. अशा फोनात मागचे झाकण चहूबाजूंनी पक्के दाबून बसवणे ही मात्र वापरणाऱ्याची जबाबदारी असते.

लिथियम बॅटरी शून्याखालच्या तापमानात चार्ज करू नये. तशी ती केल्यास आतून कायमची खराब होते. गोठवणाऱ्या थंडीत तिची क्षमताही तात्पुरती घटते आणि ३० टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडतो. रूपकुंड, हर की दून किंवा लडाखकडे जाणाऱ्यांनी रात्री फोन झोपण्याच्या पिशवीत, अंगाजवळ ठेवावा. उन्हाचेही तसेच आहे: तापलेला फोन चार्जिंग थांबवतो किंवा मंद करतो, आणि तापलेला फोन थंड पाण्यात पडला तर आतली हवा आकसते आणि सांध्यांतून पाणी आत ओढले जाते. म्हणून उन्हात तापलेला फोन धुण्यासाठी लगेच हौदात घालू नये.

सातवी पायरी: नेटवर्क आणि जागा दाखवण्याची क्षमता

ही पायरी नवखे लोक नेहमी वगळतात, आणि परदेशातून मागवलेला दणकट फोन इथे येऊन निकामी ठरतो तो याच कारणाने. जिओच्या जाळ्यात २जी आणि ३जी नाहीतच, त्यामुळे बोलणे व्होल्टीईवरूनच, म्हणजे ४जीच्या जाळ्यातूनच होते. फोनमध्ये आपल्या कंपनीची व्होल्टीई सुविधा चालत नसेल तर इंटरनेट मिळेल, पण साधा कॉल लागणार नाही. दुसरे म्हणजे कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर आणि डोंगराच्या आडोशापर्यंत जास्त चांगल्या पोहोचतात. त्यामुळे ४जीसाठी जिओचा ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ आणि एअरटेलचा ९०० मेगाहर्ट्झचा बँड ८ फोनमध्ये आहे का, ते तपशिलाच्या पानावर पाहावे. बीएसएनएल वापरणाऱ्यांनी ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ पाहावा. दोन सिम वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवणे हा घाटमाथ्यावरचा जुना आणि उत्तम उपाय आहे.

जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशा आधी उतरवून ठेवलेला असावा लागतो. दोन वारंवारतांवर, म्हणजे एल१ आणि एल५ या दोन्हींवर चालणारा फोन दरीत आणि कड्याखाली अधिक अचूक जागा दाखवतो, कारण कड्यावरून परावर्तित होऊन आलेला संकेत त्याला अधिक चांगला ओळखता येतो. इस्रोच्या ‘नाविक’ या जीपीएससारख्या भारतीय उपग्रह प्रणालीचे संकेत घेणारे फोनही आता मिळतात. हवेचा दाब मोजणारा संवेदक असेल तर उंची जास्त भरवशाची कळते. आपल्या डोंगरांच्या उंचीवर साधारण ८ ते ९ मीटर चढलो की हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो.

उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या फोनांची जाहिरात पाहून कोणी मोहात पडू नये. भारतात सरकारच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा उपग्रह संदेशयंत्र बाळगणे बेकायदा आहे, आणि विमानतळावर अशी यंत्रे सापडल्यामुळे पर्यटकांना अटक झाल्याच्या घटना गोव्यातही घडल्या आहेत. परदेशातून येणाऱ्या मित्राकडून असे यंत्र मागवण्याआधी हे लक्षात ठेवावे. मदतीसाठी आपल्याकडे ११२ हा क्रमांक आहे. पॉवरचे बटण लागोपाठ दाबल्यावर तो लागतो का आणि आपल्या फोनवर किती वेळा दाबावे लागते, हे सेटिंगमध्ये घरीच पाहून घ्यावे.

आठवी पायरी: सेवा, सुटे भाग आणि मग किंमत

फोन कितीही दणकट असला तरी कधीतरी काच फुटतेच, आणि त्या दिवशी जवळचे सेवा केंद्र कुठे आहे हा प्रश्न सर्व आकड्यांपेक्षा मोठा ठरतो. ब्रिटनमधली बुलिट ही कंपनी कॅट या नावाने बांधकाम-कामगारांत लोकप्रिय असलेले फोन बनवत होती. २०२४ च्या सुरुवातीला ती बंद पडली आणि फोन चांगले असूनही त्यांची पुढची अद्यतने आणि दुरुस्ती अनिश्चित झाली. डूजी, युलेफोन, ब्लॅकव्ह्यू, औकिटेल या चिनी नावांचे फोन कागदावर भरघोस देतात, पण आपल्या तालुक्यात, निदान जिल्ह्याच्या ठिकाणी, त्यांचा पडदा बदलून देणारा कोणी आहे का याची खात्री झाल्याशिवाय ते घेऊ नयेत. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. ती खोक्यावर छापलेली असते, आणि नसेल तर तो फोन आडमार्गाने आलेला समजावा.

मला निवड अशी करावीशी वाटते. महिन्यातून एक-दोनदा ट्रेक करणाऱ्यांनी आणि शेतावर जाऊन येणाऱ्यांनी वेगळा जड फोन घेऊ नये. साधा दिसणारा, आयपी ६८ किंवा ६९ असलेला, जवळ सेवा केंद्र असलेला फोन, त्याला कडा झाकणारे चांगले कव्हर आणि दोरी, एवढे पुरते. ओप्पोचा एफ२७ प्रो प्लस २०२४ मध्ये आयपी ६६, ६८ आणि ६९ हे तिन्ही दर्जे घेऊन २८ हजारांच्या आत आला तेव्हापासून या किमतीत निवड वाढली आहे, फक्त त्या फोनचा पडदा कडांना वळलेला आहे हे लक्षात असू द्यावे. रोज आठ-दहा तास बाहेर, ओल्या किंवा धुळीच्या कामात असणाऱ्यांनी बदलती बॅटरी आणि जादा बटण असलेला खास कामाचा फोन घ्यावा. समुद्रावर जाणाऱ्यांनी यांपैकी कोणताही घेतला तरी गळ्यात अडकवायची पारदर्शक जलरोधक पिशवी वापरावीच. ती काही शे रुपयांत मिळते. तिच्यात आधी कागदी रुमाल घालून बादलीत अर्धा तास दाबून ठेवावी आणि कागद कोरडा निघाला तरच तिच्यात फोन ठेवावा.

नववी पायरी: घेतल्यावर पहिल्या काही दिवसांत

बिल हातात घेतल्याबरोबर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक पाहावा, खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडावा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासून घ्यावा. त्यानंतर आपण नेहमी जिथे वावरतो तिथे, म्हणजे शेताच्या कडेला किंवा गडाच्या पायथ्याच्या गावात, दोन्ही सिमवरून कॉल करून पाहावा. परत करण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.

फोन पाणीबंद आहे का ते पाहण्यासाठी तो मुद्दाम बादलीत बुडवू नये. दाबमापक असलेल्या फोनांसाठी एक चांगली युक्ती उपलब्ध आहे: पडद्यावर अंगठ्याने दाब दिल्यावर आतला हवेचा दाब वाढतो का आणि हळूहळू उतरतो का हे दाखवणारी अॅप मिळतात. फोन घट्ट बंद असेल तर दाब चटकन चढतो आणि सावकाश उतरतो; कुठे फट असेल तर तो चढतच नाही. नव्या फोनवर हे एकदा करून आकडा टिपून ठेवावा आणि दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, पुन्हा पाहावे. रबर आणि सांध्यांचा डिंक वर्षागणिक कडक होतो, आणि एकदा फोन उघडून पडदा किंवा बॅटरी बदलली की मूळचा दर्जा राहिला आहे असे गृहीत धरता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला नवी सील पट्टी घातली का हे विचारावे आणि बिलावर तसे लिहून घ्यावे.

खाऱ्या पाण्याचा, गाळाचा किंवा औषधाचा स्पर्श झाल्यास फोन बंद करून, गार झाल्यावर, गोड्या पाण्याच्या संथ धारेने धुवावा, मऊ फडक्याने टिपावा आणि चार्जिंगचे छिद्र खाली करून तळहातावर हलके आपटून पाणी काढावे. मग तो वाऱ्यात उभा ठेवावा. तांदळाच्या डब्यात घालू नये. तांदळाचे बारीक कण छिद्रात जातात, आणि अॅपलनेही आपल्या सूचनांत हा उपाय करू नये असे सांगितले आहे. केस वाळवण्याचे गरम यंत्रही वापरू नये, कारण उष्णतेने सांध्यांचा डिंक सैल होतो. छिद्र पूर्ण वाळेपर्यंत, निदान काही तास, चार्जर लावू नये. फोनने ओलाव्याची सूचना दाखवली असेल तर ती जाईपर्यंत थांबावे. मुक्कामी गेल्यावर चार्ज करण्याची घाई असेल तर त्या वेळेसाठीच तारेविना चार्जिंग किंवा जादा बॅटरी हाताशी ठेवलेली असते.